राजाच्या जावयाची ठेव विणकरांकडे

नाणेघाटात गेलं की सगळे त्या दगडी रांजणाचा फोटो काढतात, जकातीचा रांजण म्हणून, आणि तो आहेच भारी. पण त्या काळचा व्यापार कसा चालायचा हे मला खरं कळलं ते नाशिकला पांडवलेण्यात, 10 नंबरच्या लेण्यात.

तिथे नहपान या क्षत्रप राजाचा (क्षत्रप म्हणजे तेव्हा पश्चिम भारतात राज्य करणारं एक घराणं) जावई उषवदात याचे ब्राह्मी लेख आहेत. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीचे. एका लेखात त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे गुंतवलेत, आणि कुणाकडे, तर नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे! 2000 एका श्रेणीत दरमहा शेकडा 1 ने आणि 1000 दुसरीत पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, त्याला लेखात शब्द आहे 'वढिभोजा'. वढि म्हणजे आपली वाढच की. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि नोंदवून ठेवला, हेही तिथेच कोरलंय.

सोबत भाचा होता, त्याने लगेच मोबाईलवर हिशोब केला. 2000 चे महिन्याला 20, वर्षाला 240. लेखात लिहिलंय 20 भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूंचं वस्त्र) प्रत्येकी 12. "मामा, बरोबर येतंय, 240च!" खरंच सांगतो, अंगावर काटा आला.

आता विणकरच का? तर कापडाला गिऱ्हाईक होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांमधून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, आणि पुढे जहाजांनी पश्चिमेला. म्हणजे मागावर बसणाऱ्या माणसाच्या हातात पैसा खेळत होता, म्हणून तर तो वर्षाला 12 टक्के देऊ शकत होता. आपण राजांची नावं पाठ करतो, पण राजाच्या जावयाने ज्यांच्या भरवशावर पैसे ठेवले त्या विणकरांपैकी एकाचंही नाव त्या लेखात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

राजे तर बदललेच. बंदरांवरून क्षत्रप आणि सातवाहन यांची भांडणं एवढी की कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा छाप मारला. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला 13 हजारांवर नाणी सापडली, त्यातली दोन तृतीयांश अशी पुन्हा छापलेली.

आणि त्याच 10 नंबरच्या लेण्यात आणखी एक लेख आहे, नंतरचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा. त्यात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवलेत, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी.