तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरांना घेऊन हॉटेलात

"तिकडं एवढ्या लहान लेकरांना घेऊन हॉटेलात कसं जायचात? त्रास नव्हता का होत?"

जपानहून लातूरला परत येऊन बरेच दिवस झाले, तरी लग्नात, भिशीत, शाळेच्या फाटकाशी हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणारीचा नवरा नाहीतर भाऊ परदेशी निघालेला असतो आणि घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असतं. उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा बसून लिहिते.

आम्ही २०१७ ते २०२४ टोकियोत होतो, निशी-कासाईत. तिथं आपल्याकडची माणसं भरपूर, त्यामुळं डाळ-तांदूळ, पोह्यांची अडचण नव्हती. थोरली जाताना तीन वर्षांची होती, धाकटा तिथंच झाला.

त्रास झाला तो लेकरांच्या दंग्याचा नाही, ताटातल्या जिनसांचा. आमचं घर माळकरी. मासा खायचा नाही म्हणजे ताटात मासा नको, एवढंच मला ठाऊक होतं. जपानात मासा दिसत नाही तिथंही असतो. कात्सुओ नावाचा मासा वाळवून, धुरावर धरून लाकडासारखा टणक करतात, त्याचा कीस उकळून जे पाणी काढतात ती दाशी. सूप, उदोन म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या जाड शेवया, उकडलेली भाजी, अंड्याची वडी, सगळ्याला बहुतेक तीच. गेल्या गेल्या एका लहानशा दुकानात मी थोरलीला साधं उदोन मागवलं. वर नुसती कांद्याची पात. लेकीनं वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला, आणि मला काय आनंद झाला, कारण आठ दिवस ती धड जेवली नव्हती. महिन्याभरानं शेजारणीनं सांगितलं की त्या रश्श्यात मासा असतो. मी रात्री लातूरला फोन लावला आणि रडले. सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे, एकादशी कधी चुकलेली नाही. त्या म्हणाल्या, "लेकरानं भुकेनं खाल्लं. त्याला काय लागतंय? उद्यापासून विचारून घे."

विचारून घ्यायचं कसं, ते मग शिकले. "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन," म्हणजे मांस-मासे आम्हाला चालत नाहीत. त्यापुढं "दाशी मो दामे देस," दाशीसुद्धा नको. दुसरं वाक्य विसरलं की पहिल्याचा काही उपयोग नाही. मोठ्या साखळी हॉटेलांत ॲलर्जीचा तक्ता मिळतो. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा असं सगळं त्यात खुणांनी दाखवलेलं असतं, आणि ज्यांच्या लेकराला शेंगदाणा सोसत नाही त्यांना तो फार मोलाचा. पण कात्सुओ त्या यादीत येत नाही. तक्ता पाहून निर्धास्त होऊ नका, तोंडानं विचारा.

उरतं काय? मिठाचा भाताचा गोळा, काकडीची माकी म्हणजे काकडी घालून समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, मका, बटाटे. एदामामे आमच्या लेकरांनी आपल्याकडं उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खातात तशा खाल्ल्या, सालींचा ढीग लावून.

बाकी सोयींचं म्हणाल तर मन भरून येतं. ज्यांना ते लोक फॅमिली रेस्टॉरंट म्हणतात, तिथं लेकराची उंच खुर्ची न मागता येते. लहान वाटी, लहान काटा येतो. मेन्यूत फोटो असतात, पुष्कळ ठिकाणी दारातल्या काचेत पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. बोलता न येणारं लेकरूही बोट दाखवतं. काही ठिकाणी मांजराच्या चेहऱ्याचा रोबो ताट घेऊन येतो. लेकरांसाठी वेगळं ताट मांडायची रीत तिथं जुनी आहे, टोकियोतल्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानानं १९३० साली ते सुरू केलं. भाताच्या ढिगाऱ्यावर छोटा कागदी झेंडा असतो. त्यातलं बाकीचं आम्हाला चालायचं नाही, पण थोरलीला झेंडा हवा असायचा. एका बाईंनी तो आमच्या साध्या भातावर खोचून दिला होता.

मला सगळ्यांत आवडायची ती झाशिकी, चपला बाहेर काढून चटईवर बसून जेवायची जागा. धाकटा तिथं रांगायचा, पेंगला की माझ्या मांडीशेजारी झोपायचा. वेळ अमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी, आंबील, उंडे खातो, तेव्हा लेकरं अशीच कुणाच्यातरी मांडीजवळ झोपतात. तेवढा वेळ मी परदेशात नसायचे.

आणि पाण्याचं सांगायचंच आहे. बसल्या बसल्या पाण्याचा ग्लास पुढं येतो, बर्फ घातलेला, फुकट. गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात थोरलीच्या हातून ग्लास सांडला. ती रडली नाही. तिनं दोन्ही हात टेबलाखाली लपवले आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मला लगेच कळलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती दोन वर्षांची होती. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना घरात तांब्या कलंडला तरी आम्ही लेकरांवर ओरडायचो. तिच्या अंगात ते राहिलं होतं. हॉटेलातली मुलगी फडकं घेऊन धावत आली, टेबल पुसलं, आणि ग्लास काठोकाठ भरून परत तिच्यापुढं ठेवला. लेकीनं हात वर काढायला बराच वेळ घेतला. मी तिला जवळ घेतलं आणि सॉरी म्हणाले.

लोकांच्या नजरांचं म्हणाल तर, लेकरू मोठ्यानं रडलं की बघतात. बाहेर घेऊन जायचं, परतताना शेजारच्या टेबलाला "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणायचं, तेवढं पुरतं. संध्याकाळी साडेपाचला जावं, गर्दी नसते. मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवरची हॉटेलं बरी पडतात, तिथं दूध पाजायची खोली, गरम पाणी, लंगोट बदलायची जागा मिळते.

इकडं हॉटेलात गेलं की लेकराला बसायला खुर्ची नसते आणि भाजी तिखटजाळ असते. पण गल्ल्यावरचे काका त्याला उचलून बडीशेपेच्या डब्याशी नेतात, वाढणारा पोरगा त्याच्याशी खेळतो आणि आपण दोन घास निवांत खातो. तिकडं सात वर्षांत कुणी माझं लेकरू उचलून घेतलं नाही. मला त्याची फार आठवण यायची. आता मी इथं दहीभात आणि लहान वाटी मागते. पोरगा आधी गोंधळतो, मग आणून देतो.

तुमच्यापैकी जी जपानला निघाली असेल, तिनं एकदा घरी यावं. ती दोन वाक्यं मी जपानी लिपीत आणि देवनागरीत कार्डावर लिहून देईन. आमचं कार्ड देवघराच्या खणात आहे. त्याच्या कडेला सोयसॉसचा डाग आहे, आणि मागच्या बाजूला थोरलीनं पेन्सिलीनं झेंडा काढलेला आहे.