मधला पट्टा पांढरा

मी भिंती रंगवते. शाळा, अंगणवाड्या, पुलाखालच्या जागा, जिथे बोलावतील तिथे. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दकडचं काम मात्र मी सहसा नाकारत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत नटवर पारेख कंपाउंड या तिथल्या वसाहतीत गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. आपल्या वस्तीचं नाव बातमीत कचरा आणि आजारांशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी आलं, याचा आनंद तिथल्या लोकांच्या बोलण्यात मी ऐकला आहे. पुढे जवळच्याच एका पुनर्वसन वसाहतीतल्या बचत गटाच्या बायकांनी मला बोलावलं. त्यांनी दोन इमारतींच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीला लागून भाजीची बाग केली होती. ती भिंत रंगवून हवी होती.

भिंत कशासाठी रंगवायची हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. एक, त्या कोपऱ्यात लघवीला उभं राहणाऱ्यांना आळा बसावा. त्यासाठी देवांच्या टाइल्स लावायच्या नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. वस्तीत सगळ्या धर्मांची माणसं आहेत, आणि देवाला तिथे पहाऱ्यावर बसवणं त्यांना पटत नव्हतं. दुसरं, कुठल्या महिन्यात काय पेरायचं ते चित्रात असावं, कारण बागेत येणाऱ्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. तिसरी मागणी मुलांची होती. त्यांना मोर हवा होता.

या वसाहती ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांना बागेचं महत्त्व चटकन कळणार नाही. रस्ते, नाले, रेल्वेच्या कामात उठवलेली कुटुंबं 225 चौरस फुटांच्या घरांत आणून ठेवली. इमारती सात-सात मजली आणि दोघींमधलं अंतर कुठे कुठे जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख आणि पीएमजी कॉलनीत केलेला अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. घरात ऊन-वारा न येणं आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात मांडला होता. मी ज्या इमारतीत पाणी प्यायला जायचे, तिथेही गोळ्यांची पाकिटं दिसायची. अशा ठिकाणी चार वाफे माठ आणि मेथीचे लावणं म्हणजे उन्हाशी रोज हिशेब करणं.

मातीही सोपी नव्हती. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून जवळच आहे. तिथली माती खाण्याच्या भाजीला वापरायची नाही, यावर बायका ठाम होत्या. त्यांनी माती बनवली. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातून पुढे आलेली अमृतजलाची रीत त्यांना कुणीतरी शिकवली होती. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि दहापट पाणी घालून वापरायचं. रसवंतीवाल्याकडची चिपाडं आणि सुका पाला त्यात भिजवून थर लावायचे. काही महिन्यांनी हाती येते ती काळी, भुसभुशीत, पावसासारख्या वासाची माती. मुंबईत ही रीत आधीही रुजली आहे. प्रीती पाटील यांनी 2002 पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर अशीच बाग उभी केली होती. पण तिथे गच्ची होती आणि वर मोकळं आभाळ होतं.

रंगवायचा दिवस रविवार होता. सकाळी पहिला प्रश्न भिंतीच्या खालच्या भागाचा आला. तिथे जुन्या तेलरंगाचा गडद पट्टा होता, पोपडे सुटलेला. मदतीला आलेली दोन पोरं पत्रा घेऊन खरडायला बसली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. हा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा दिसत होता. कोरडं खरडलं की ती धूळ थेट वाफ्यात, मग पालेभाजीवर आणि मग मुलांच्या तोंडात. म्हणून खाली ताडपत्री अंथरली, पट्टा पाण्यानं भिजवला, सुटे पोपडे तेवढे ओलेच काढून पिशवीत बांधले आणि उरलेल्यावर प्रायमरचे दोन हात मारले. तास-दीड तास यातच गेला. पोरं कंटाळली, पण एका आजोबांनी शेवटपर्यंत बादलीनं पाणी मारलं. बागेशेजारी चित्र काढणाऱ्या प्रत्येकानं एवढी काळजी घ्यायलाच हवी असं मला वाटतं. रंगाच्या रिकाम्या बादल्याही मी भाजीला देत नाही, त्यात झेंडू लावायला सांगते.

वरचा भाग मी आधीच आखून ठेवला होता, सूत मारून बारा चौकटी. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. कुठल्या चौकटीत काय, यावर जोरदार चर्चा झाली. जालन्याकडच्या बाई म्हणाल्या तांदुळजा आलाच पाहिजे. उत्तर प्रदेशातून आलेल्या एक खाला म्हणाल्या, "बेटी, बथुआ भी बना, सर्दी में हम वही खाते हैं." तो पाहिल्यावर जालन्याच्या बाई हसल्या, "ही तर आमची चाकवताची भाजी!" मग अंबाडी, चुका, शेपू, घोळ, पावसाळ्यातला टाकळा. माझ्या वहीत कधीच नसती आली अशी यादी तयार झाली. पानांचे आकार मला त्यांनीच दाखवले. चुक्याचं पान मी जरा टोकदार काढलं होतं, ते खोडून घेतलं.

मधली चार फुटांची पट्टी मी मोकळी ठेवली होती. तिथे काय काढायचं ते वस्तीनं ठरवावं, एवढंच ठरलं होतं. कुणी म्हणालं आंबेडकर, कुणी म्हणालं शेतकरी बाई, मुलांचा मोर होताच. तेवढ्यात बीडकडच्या एक मावशी, ज्या सकाळपासून गप्प बसून मेथी निवडत होत्या, उठून आल्या.

"ताई, मधी काईच काढू नका. पांढरं राहू द्या."

मी विचारलं, "का मावशी?"

त्यांनी माझा हात धरला आणि वाफ्यांच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे भिंतीच्या खिळ्याला बांधलेल्या दोरीवर एक पांढरी चादर वाळत होती. "म्या रोज इथंच चादर टाकते. तिच्या म्होरचा माठ बघा. आन् आता तिकडचा बघा. बी एकाच पुडीतलं हाय."

फरक डोळ्यांना दिसत होता. चादरीसमोरचा माठ भरदार, पानं रुंद. पलीकडे, उघड्या करड्या सिमेंटसमोर, तोच माठ उजेडाच्या शोधात लांब, बारीक, एका बाजूला झुकलेला. ही भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे. दोन इमारतींमधून अकराच्या सुमाराला ऊन येतं आणि दीडपर्यंत जातं. त्या वेळात भिंतीवर पडलेला उजेड चादर परत वाफ्यावर टाकत होती. मी मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या अॅपनं दोन्हीकडे पाहिलं. चादरीसमोर आकडा ठळक जास्त होता. ताजा चुना पडलेल्या उजेडाचा मोठा वाटा परत फेकतो, जुनं सिमेंट त्यातलं बरंचसं पिऊन टाकतं, हे मला माझ्या कामातून ठाऊक आहे. पण त्याचा उपयोग माठाला होतो, हे मावशींनी धुणं वाळत घालता घालता पाहिलं होतं.

त्या म्हणाल्या, "आमच्या घरात ऊन नाय आलं ते नाय आलं. भाजीला तरी येऊ द्या."

यावर चर्चा झाली नाही. आजोबांनी विचारलं, चुना की पांढरा डिस्टेंपर? मी चुन्याच्या बाजूनं होते, आणि त्याचं कारण फक्त स्वस्ताई नव्हतं. चुना दर पावसाळ्यात धुपतो. म्हणजे दरवर्षी, गावाकडे दिवाळीआधी घरं सारवून-पोतारून घेतात तसं, तो पट्टा पुन्हा करावा लागणार आणि त्याला माझी गरज लागणार नाही. वरची भाज्यांची चौकट अॅक्रिलिकची आहे, ती काही वर्षं टिकेल. मधल्या पांढऱ्या पट्ट्याला मात्र वस्तीचा हात लागत राहिला पाहिजे.

कळीचा चुना दुपारी विरवला. तो विरताना उकळतो, उडतो, म्हणून मुलांना लांब ठेवलं. गाळून त्यात डिंक घातला. चुन्याचे शिंतोडे पडले की पानं जळतात, तेव्हा वाफ्यांवर जुन्या साड्या पांघरल्या. मोर कुठे काढायचा हा प्रश्न उरला होता. तो खतघराच्या पत्र्यावर गेला, आणि ही कल्पना एका सातवीतल्या मुलीची. वरच्या मजल्यांवरून भिंत दिसतच नाही, म्हणाली, दिसतो तो पत्रा, आणि कचऱ्याच्या पिशव्या तिथेच पडतात. रंग ओला असतानाच वरून एक पिशवी येऊन मोराच्या पिसाऱ्यावर फुटली. मुलांनी वर पाहिलं. तीन-चार खिडक्यांतून लोकही खाली पाहत होते. कुणी ओरडलं नाही. पोरांनी पत्रा पुसला आणि पिसारा पुन्हा काढला. पिशव्या पडणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. चित्रानं तेवढं होत नाही. बायकांनी पुढे वर जाळी बांधली आणि प्रत्येक मजल्यावरच्या एका घरी महिन्यातून एकदा भाजीची जुडी पाठवायला सुरुवात केली. त्याचा परिणाम चित्राहून जास्त झाला.

पावसाळ्यानंतर मावशींचा फोन आला. चुना आणला होता, डिंक किती घालायचा ते विचारत होत्या. मी सांगितलं, आणि सवयीनं म्हणाले, थोडी नीळ घाला, पांढरं खुलून दिसेल.

"नको," त्या म्हणाल्या. "निळीनं डोळ्याला बरं वाटतं, पण उजेड कमी पडतो. म्या दोन पाट्यांवर लावून बघितलं." मग आवाज बाजूला नेऊन त्यांनी कुणाला तरी शिडी धरायला सांगितलं, आणि मला म्हणाल्या की पलीकडच्या गल्लीतल्या बायकांनाही भिंत करायची आहे, पण तिथे ऊन सकाळी आठलाच येऊन जातं, तर कुठली बाजू पांढरी करायची ते बघायला या.