एएफ११७ अपडेट: कन्व्हर्टरला परत मिशा फुटल्या

मागच्या वेळी ज्याचा व्हिडिओ टाकला होता तो टीक कॅबिनेटवाला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ परत मुका झालाय. कन्व्हर्टरच्या (स्टेशनचा सिग्नल आयएफ म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणणारी स्टेज) एएफ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं की आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, खणखणीत लागतं, जरा वेळाने परत गप्प. स्क्रीन (ट्रान्झिस्टरच्या पत्र्याच्या डब्याला जोडलेला चौथा पाय) ते कलेक्टर मीटर लावला तर चक्क बीप म्हणजे शॉर्ट, तिथे खरंतर ओपन दिसायला हवं. कारण तेच, डब्याच्या आतल्या कथलाच्या मुलाम्यातून उगवणारे धातूचे बारीक केस, म्हणजे टिन व्हिस्कर, याच त्या मिशा.

आधी चांगली बातमी, दुसऱ्या आयएफ स्टेजच्या एएफ११७ चा स्क्रीनचा पाय कापला आणि ती स्टेज एकदम ठणठणीत, व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवला तरी शेजारी ऐकतात. पण कन्व्हर्टरला ही युक्ती चालेना कारण तिथे बेसलाही व्हिस्कर चिकटलाय, म्हणजे पाय कापला तरी डब्याच्या पत्र्यातून बेस-कलेक्टर शॉर्ट आहेच. मग एमिटर, बेस, कलेक्टर हे तिन्ही पाय एकत्र बांधून चार्ज केलेला कपॅसिटर डब्यावर टेकवला, चट्ट आवाज, मीटर ओपन, रात्रीच्या बातम्या मस्त ऐकल्या. सकाळी परत बीप! जळतो तो एक केस हो, आतल्या कथलाच्या मुलाम्यातला ताण तसाच राहतो, त्यामुळे नवा उगवणारच. काही मायक्रॉन जाडीचा तो केस, आतल्या सिलिकोन ग्रीसमधूनही आरपार जातो.

आणि कृपया 'न्यू ओल्ड स्टॉक'च्या (जुना पण न वापरलेला माल) नादी लागू नका. पाकिटात पडून असला तरी व्हिस्कर वाढतोच, त्याला करंट लागत नाही. मी मीटर घेऊनच दुकानात गेलो, काउंटरवरच अर्धे पीस शॉर्ट निघाले आणि भाव मात्र सोन्याचा. १९९८ मध्ये गॅलेक्सी ४ सॅटेलाइट याच टिन व्हिस्करने गेला आणि अमेरिकेतले पेजर बंद पडले, तिथे आपल्या रेडिओची काय कथा.

एएफ१२७ हा त्याच जातीचा ट्रान्झिस्टर शोधायचा विचार होता पण आता लिहिता लिहिता वाटतंय की सरळ सिलिकॉन पीएनपी, बीएफ४५० टाकावा, बेसला ०.२ ऐवजी ०.६ व्होल्ट लागतील म्हणजे बायसचा (बेसला ते व्होल्टेज देणारा) रेझिस्टर बदलावा लागेल, पायांचा क्रमही वेगळा, पण मिशांची कटकट संपेल. आणि काढलेल्या पीसचा डबा कानशीने घासून उघडतो, ग्रीस पुसताना केस तुटू नये म्हणून काय वापरू? आयसोप्रोपिल चालेल का कोणाचा अनुभव आहे? यूएसबी मायक्रोस्कोप तयार आहे.