भरीत, पऱ्हाट्या आणि हायपरलेन

आज यावलकडच्या शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजत होती अन् आम्ही चौघं 'स्टेलारिस'वर भांडत होतो. अंतराळात साम्राज्य उभारायचा गेम, २०१६ पासूनचा.

वाद जुनाच. आधी वार्प (थेट ताऱ्याकडे उडी), वर्महोल (अवकाशातला बोगदा), हायपरलेन (ताऱ्यांना जोडणारे ठरलेले रस्ते) यांतून आपल्या जहाजांची प्रवासाची पद्धत निवडता यायची. २०१८ च्या २.० अपडेटनं सुरुवातीला सगळ्यांना हायपरलेनच दिली. मोठा भाऊ अजून हळहळतो. "कोणी कसंबी यावं, तीच तर मजा होती ना भो!"

मला हे पटत नाही. आपलं भुसावळ जंक्शन बघा. मुंबईकडून आलेली लाइन तिथं फुटते, एक इटारसीकडे, एक नागपूरकडे. रस्ते ठरलेले आहेत म्हणूनच जंक्शनला किंमत. हायपरलेननं ताऱ्यांना तशी किंमत आली. कोणता तारा धरायचा, ठाणं कुठं बांधायचं, याचा खरा विचार करावा लागतो. आधी शत्रूचा ताफा सीमेवरची ठाणी टाळून थेट घरात उतरायचा.

चुलतभावाला लढाईशी देणंघेणं नाही. त्याला सुरुवातीची शोधमोहीम आवडते, अनोळखी ग्रह, जुन्या संस्कृतींचे अवशेष. तो म्हणतो, खरा गेम तेवढाच. यावर मात्र मी गप्प बसलो, कारण मलाही तोच भाग सगळ्यात प्रिय आहे.

तेवढ्यात वांगी सोलून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचायला घेतली. कळण्याच्या भाकरीसोबत जेवलो. रविवारी चौघं मिळून नवी आकाशगंगा सुरू करतोय.