चिंगीच्या कचऱ्याचे ८० दिवस

चिंगी माझी तेरा वर्षांची मांजर. खायची भरपूर, पण अंगाला काही लागेना. पाठीवरून हात फिरवला की मणके टोचायचे आणि रात्रभर ती घरभर ओरडत फिरायची. रक्तात टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं निघालं. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा थायरॉइडचा त्रास नेहमीचा, असं डॉक्टर म्हणाल्या. गोळ्या सुरू केल्या, पण गोळी पोटात गेली की उलटी ठरलेली. शेवटी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं.

कातडीखाली एकच इंजेक्शन. आयोडीन ओढून घेणं हे थायरॉइडचं कामच, त्यामुळे आयोडीन-१३१ तिथेच जाऊन साठतं. त्यातले बीटा कण एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारसे जात नाहीत. माजलेल्या पेशी तेवढ्या मरतात. त्याआधी मूत्रपिंडं तपासून घ्यावी लागली, कारण वाढलेलं थायरॉइड मूत्रपिंडाचं दुखणं झाकून ठेवतं. ही तपासणी कोणीही टाळू नये.

मला खरं जड गेलं ते इंजेक्शननंतरचं दवाखान्यातलं विलगीकरण. तिथे भेटायला जाता येत नाही. सोबत दिलेली वस्तू परत मिळत नाही, म्हणून तिची आवडती शाल घरीच ठेवली आणि माझा एक जुना सदरा दिला. किती दिवस ठेवणार, हे ठिकाणाठिकाणच्या नियमांवर असतं. कुठे तीन-चार दिवसांत सोडतात, कुठे दोन आठवडेही लागतात. किरण मोजणाऱ्या मीटरचा आकडा दवाखान्याच्या परवान्यातल्या मर्यादेखाली आल्याशिवाय मांजर बाहेर येत नाही. तिला आणायला गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी ठरलेल्या अंतरावरून तिच्या गळ्यासमोर मीटर धरला, आकडा कागदावर लिहिला, माझी सही घेतली आणि मगच पिंजरा हातात दिला.

घरी दोन आठवडे ती वेगळ्या खोलीत. मांडीवर घ्यायचं नाही, बिछान्यात घ्यायचं नाही, लहान मुलं आणि गरोदर बाई यांनी जवळ जायचं नाही. बीटा कण दूर जात नसले तरी आयोडीनचे गॅमा किरण अंगाबाहेर येतात. अंतर दुप्पट केलं की त्यांचा मारा चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून तिच्याशी बोलायचो. मी बाहेर पडलो की ती दारापाशी येऊन फटीतून पंजा बाहेर काढायची. ते बघवत नसे.

पण सगळ्यात महत्त्वाचा तिचा कचरा. शरीरातलं बरंचसं आयोडीन लघवीतून आणि विष्ठेतून बाहेर पडतं, म्हणजे तिच्या पेटीतली माती किरणोत्सारी. हातमोजे घालून ती उचलायची, दुहेरी पिशवीत बांधायची, वर तारीख लिहायची आणि झाकणाच्या पिंपात, माणसांच्या वावरापासून दूर ठेवायची. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत असं दहा वेळा झालं की हजारावा हिस्साही उरत नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या भावाने सवयीने ती पिशवी रोजच्या कचऱ्यात टाकली. मी धावत जाऊन काढून आणली. तो म्हणाला, "एवढ्याशा मातीने काय होतंय?" मी त्याला सांगितलं, एका पिशवीने कदाचित काही होणारही नाही, पण कचरा उचलणारा माणूस दिवसभर किती घरांच्या पिशव्या हाताळतो हे आपल्याला माहीत नसतं, आणि आत काय आहे हे त्याला माहीत नसतं. काही कचरा डेपोंच्या दाराशी किरणमापक बसवलेले असतात. मांजराच्या मातीने ते वाजतात, गाडी अडवली जाते आणि पिशवी शोधून काढावी लागते, तीही कोणाच्या तरी हातांनीच. त्या संध्याकाळपासून पिशवीवर तारीख भावानेच घालायला सुरुवात केली.

चिंगीचं टी-४ पुढच्या तपासणीत ठीक आलं. वजन वाढतंय, रात्रीचं ओरडणं थांबलं. शेवटच्या पिशवीचे ८० दिवस भरले त्या सकाळी आम्ही दोघांनी एकेक तारीख वाचून पिंप रिकामं केलं. कचरा न्यायला आलेल्या माणसाने त्या पिशव्या रोजच्यासारख्याच, नुसत्या हाताने उचलल्या.