हमाली वीस पोत्यांची

मार्च महिना, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात. एका अडत दुकानाचं पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, काढायचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी दिवाणजींच्या शेजारी बसून काम बघत होतो. तेवढ्यात एक शेतकरी पट्टी घेऊन परत आले. "दिवाणजी, माझी पोती चौदा हायती. हमाली वीसची कशी लावली?"

वीस पोती त्यांच्या आधीच्या माणसाची होती.

दिवाणजी म्हणाले, "ते पुसायचं बटण चालतच नाही हो. मी हातानंच खोडतो सगळं." गर्दीत एक रकाना खोडायचा राहिला होता.

कोड उघडला. अकरा रकाने, अकरा व्हेरिएबल, म्हणजे व्हॅल्यू तात्पुरती ठेवायच्या कोडमधल्या जागा. प्रत्येकात आधी रकान्याची व्हॅल्यू घेतलेली आणि पुढच्या ओळीत त्या व्हेरिएबललाच रिकामी स्ट्रिंग दिलेली. सातबाऱ्याची झेरॉक्स फाडली म्हणून तलाठ्याकडची नोंद जात नाही, तसंच हे. व्हेरिएबलमध्ये आला तो नुसता मजकूर. रकान्याशी त्याचा संबंध तिथंच संपला. एररही येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सगळी व्हेरिएबल काढली आणि फॉर्मवर थेट रीसेट लावलं. माझ्या मते पुसण्याच्या कामात मधे व्हेरिएबल असूच नये. जिथली व्हॅल्यू, तिथंच रिकामी करावी. रीसेट मात्र रकाना रिकामा करतंच असं नाही, मूळ व्हॅल्यूवर नेतं. पानाच्या मूळ कोडमध्येच भरून आलेली आजची तारीख त्यामुळे जागेवर राहिली, ते बरंच झालं. पण शेतकऱ्याचा खाते नंबर हिडन इनपुटमध्ये, म्हणजे स्क्रीनवर न दिसणाऱ्या रकान्यात होता, आणि स्क्रिप्टनं तिथं घातलेली व्हॅल्यू रीसेटला हलत नाही. तसंच सोडलं असतं तर एकाची हळद दुसऱ्याच्या खात्यावर चढली असती, आणि हिडन असल्यामुळे स्क्रीनवर दिसलंही नसतं. त्या एका इनपुटची व्हॅल्यू वेगळी ओळ लिहून रिकामी केली. दोन खोट्या नोंदी पाठोपाठ भरून बघितल्या, मगच दिवाणजींच्या हातात दिलं.

त्या शेतकऱ्यांना नवी पट्टी आणि सहा पोत्यांच्या हमालीचा फरक तिथंच मिळाला. मग मालकांना म्हटलं, या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या तपासू. ज्यांनी न मोजता पट्टी खिशात घातली, त्यांचेही पैसे यात अडकलेले असतील. मालकांनी लगेच कपाटातून फायली काढायला सांगितल्या.