मधल्या भावाचं नाव

गोव्यात, फोंड्याला मी जमिनीच्या कागदांची वकिली करते: सर्च म्हणजे मालकीचा शोध, विक्रीखतं, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी. पहिलं घर घेणारी जोडपी माझ्याकडे पोचतात तोवर घर त्यांच्या मनात भरलेलं असतं, आणि दलालानं सांगून ठेवलेलं असतं की दिल्लीची पार्टी संध्याकाळी येतेय. या जोडप्याचंही तसंच होतं. ती बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नर्स, तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. म्हार्दोळच्या बाजूला जुनं कौलारू घर, मागे विहीर आणि थोडे माड. पाच लाख टोकन, तेही आजच्या आज हवं होतं.

बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. दोन पानं, खाली ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’, म्हणजे मालकी निर्दोष, विकायला हरकत नाही. संगणकावरचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा) आणि जागेवर बोजा नसल्याचं निल एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, एवढ्यावर तो लिहिलेला होता. असं काम करणाऱ्यांचा मला राग येतो. एक-चौदा म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाची नोंद. कायदा ती खरी धरतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि पॅनलवरचा वकील बँकेला उत्तर देतो, तुम्हाला नाही, हे कर्ज घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

उताऱ्यावर दोन भावांची नावं होती. जागा बघितल्याशिवाय मी काही लिहून देत नाही, म्हणून दुपारी आम्ही तिघं गेलो. अशा वेळी मी आधी घराच्या मागे जाते. वेगळा वीज मीटर, वेगळा घर क्रमांक, वेगळी चूल दिसली तर तिथं मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जागेत राहणारा, असू शकतो, आणि १९७५ च्या कायद्यानं त्याला तिथून सहजासहजी हलवता येत नाही. तसं काही नव्हतं. परत सोप्यावर आलो तर भिंतीवर तीन फोटो, तिन्हींना हार. आई, वडील, आणि चाळिशीतला एक माणूस.

‘‘हे कोण?’’ मी विचारलं.

‘‘आमचो मदलो भाव,’’ थोरला म्हणाला.

‘‘लग्न झालं होतं?’’

‘‘हो, पण ती मुलांना घेऊन इंग्लंडला, स्विंडनला असते. आता तिचा इथं काय संबंध, वकीलबाय?’’

संबंध कसा नाही? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आपली गोव्याची पद्धत अशी की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते, वारशानं आलेलीसुद्धा. त्या घराचा एक तृतीयांश मधल्याचा. त्यातला अर्धा नवरा जिवंत असल्यापासून तिचा स्वतःचा, तिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसलं तरी. उरलेला अर्धा मुलांचा.

म्हणूनच मी पहिल्यांदा घर घेणाऱ्याला किमतीची घासाघीस करण्याआधी विकणाऱ्या घरातली लग्नं विचारायला लावते. कोण कुणाशी, कधी, कुठं नोंदवलेलं, कोण वारलं, त्यामागे इन्व्हेंटरी किंवा स्पेशल नोटरीकडचं डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, झालं का. ‘वडिलांनी मृत्युपत्रात सगळं मलाच दिलंय’ असं कुणी म्हणालं तरी थांबा. मुलं असताना निम्म्यापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही.

तिथून थेट मामलेदार कचेरी गाठली. जुना हस्तलिखित उतारा मागून घेतला. त्यावर नावं तीन होती. मधलं म्युटेशननं, म्हणजे फेरफार नोंदीनं, कमी केलेलं. ती फाईल काढली तर आत मृत्यूचा दाखला आणि दोघा भावांचं प्रतिज्ञापत्र: मागे आमच्याशिवाय कोणी वारस नाही. स्विंडनला नोटीस गेल्याचा कागद फाईलमध्ये नव्हता. परदेशी गेलेल्यांच्या जमिनी अशाच कागदांवरून हातोहात जातात. २०२२ मध्ये जमीन बळकाव प्रकरणांसाठी सरकारला विशेष तपास पथक (एसआयटी) नेमावं लागलं, तरी कचेरीतली बेफिकिरी तशीच आहे.

जोडप्याला मी सांगितलं, टोकन देऊ नका. द्यायचंच असेल तर ‘टायटल क्लिअर न निघाल्यास पूर्ण परत’ असं लेखी घ्या. वहिनी आणि मुलं सही करायला तयार असतील तर रस्ता आहे: आधी डीड ऑफ सक्सेशन, मग कुलमुखत्यारपत्र. तिनं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असो वा नसो, अनिवासी म्हणून तिच्या वाट्याचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, नेहमीच्या एक टक्क्यानं नव्हे, वेगळ्या दरानं कापावा लागेल. काही महिने जातील. थोरला म्हणाला, इतके दिवस आम्ही थांबत नाही. दलालानं फोन उचलणं बंद केलं. नर्सबाई माझ्यासमोर रडली नाही, फक्त तो रिपोर्ट दुमडून पर्समध्ये ठेवला.

पुढे दुसऱ्याच कामासाठी सब-रजिस्ट्रारकडे गेले असताना त्या घराचं विक्रीखत बघायला मिळालं. सह्या दोन भावांच्या आणि त्यांच्या बायकांच्या. बाहेरच्या खरेदीदारानं माझ्या जोडप्याला सांगितलेल्या किमतीपेक्षा बरीच कमी रक्कम दाखवलेली. खरी किती ते त्यांनाच ठाऊक. पण कागदातला दोष दाखवून भाव पाडला असणार, याबद्दल मला शंका नाही. उद्या स्विंडनहून दावा आला तर त्या खरेदीदाराकडे वकील आहेत, वेळ आहे, आणि हे घर काही त्याचं एकमेव घर नव्हे. पगारातून हप्ता भरणाऱ्याला तोच दोष आयुष्यभराच्या कमाईसकट बुडवतो. मी दिलेला सल्ला बरोबर होता, आजही तोच देईन. तरी ज्यानं वहिनीला डावललं त्याचे पैसे झाले, ज्यानं धोका पत्करला त्याला सूट मिळाली आणि ज्यांनी नीट चौकशी केली ते भाड्याच्याच खोलीत राहिले, हे माझ्या मनातून जात नाही.

त्या वहिनीचा पत्ता मला वाड्यावरच्या एका शेजारणीकडून मिळाला. विक्रीखताची सर्टिफाईड प्रत कशी मागवायची हे मी तिला लिहून कळवलं आहे. जोडपं आता कुर्टीला फ्लॅट बघतंय. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडची नोंदणी बरोबर आहे, पण ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे राहायला जाण्याचा परवाना, मागितलं की बिल्डर ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. ते हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही, असं दोघांना बजावलंय.